तेजाबाचा डाख

मामा कथील बघून घेत नसत, ऐकून घेत. काडी कानाजवळ धरून हळूच वाकवायची. चांगलं कथील वाकताना बारीक करकरतं, शिसं घातलेलं असलं की मुकाट वाकतं. अकोल्याच्या बाजारात दुकानदार हसायचे, पण मुकी काडी मामांच्या गळ्यात कुणाला मारता आली नाही. घरी आणून तीन भाग कथील, दोन भाग शिसं वितळवून ते रेडिओच्या तारा जोडायचा डाख स्वतः करत. बादलीला शिशाचा डाख चालतो. रेडिओला झटकन वितळणारा आणि झटकन गोठणारा लागतो, नाहीतर शेजारचे नाजूक भाग भाजतात.

पलटणीत वायरलेसवर काम करून आलेल्या मामांनी जठारपेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पुढे नजर विझत चालली, तेव्हा मॅट्रिकला दोनदा आपटलेली मी, त्यांची वीस वर्षांची भाची, त्यांचे डोळे म्हणून तिथे बसू लागले. आधी कय्याच्या तापल्या टोकाने तार तापव, मग तिला डाख पाज, आणि गोठेपर्यंत श्वाससुद्धा सोडू नको, एवढंच त्यांनी शिकवलं. गोठल्यावर मात्र ते प्रत्येक जोड चिमट्याने ओढून बघत. पलटणीतून आलेला माणूस एवढा भित्रा कसा, म्हणून मी मनात हसायची.

मामा म्हणत, "डाख चमकला म्हणून लागला असं नाई पोरी. वढून पाय. ज्याले भेव नाई त्यानं कय्या हातात घेऊ नोये."

एका दुपारी मामा आत आडवे झाले होते. चांदूर रेल्वेची एक भाजीवाली म्हातारी रेडिओ मांडीवर घेऊन दुकानात बसली होती आणि तिची गाडी निघायची वेळ झाली होती. विजेची मेन तार बटणापाशी सुटलेली. जोडावर लावायची राळ संपलेली. मी राळेऐवजी शेजारच्या पत्रेवाल्याकडून पिसाने दोन थेंब तेजाब आणलं, कय्या टेकवला, आणि असा डाख बसला की आरशात बघावं. ओढून बघायला सवड कुठली? म्हातारी खूश झाली. बटणाची टोपी हरवली आहे, नुसती लोखंडी दांडी फिरवते, असं हसत सांगून ती गेली.

वीसेक दिवसांनी कुणाचा तरी संच उघडताना मामांच्या बोटात एका तारेचा हिरवा भुगा झाला. त्यांनी वास घेतला.

"तेजाब. पत्रेवाल्याचं काम हाय. हे वरून चमकते अन् आतून तार खात जाते. मेनची तार तुटून रेडिओच्या आतल्या पत्र्याले लागली, तं बटनाच्या दांडीले हात लावनारा उठत नाई."

मला चांदूरच्या म्हातारीचा रेडिओ आठवला. पण आठ दिवस मी ते मामांना सांगितलं नाही. दुकानाच्या दारात कुणी अनोळखी माणूस उभा राहिला की वाटायचं, हा चांदूरचा, सांगायला आला. भाजी धुताना स्वतःचे ओले हात बघून मला ती दांडी आठवायची. नवव्या दिवशी सकाळी कय्या खाली ठेवला आणि मी मामांना सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. "मेनची तार?" एवढंच विचारून त्यांनी पिशवी उचलली, आणि मी त्यांचा हात धरून स्टेशन गाठलं. वाटेत बडनेऱ्याला गाडी रखडली तेव्हा मला ओरडावंसं वाटलं.

चांदूरला विचारत विचारत घर गाठलं, तर म्हातारी अंगणात मेथीच्या जुड्या पाण्यात बुचकळत होती. आत रेडिओ चालू होता. पाहुणे आले म्हणून तो बंद करायला ती तशाच ओल्या हातांनी आत निघाली. मामांना एवढं लांबचं दिसत नव्हतं; मला दिसत होतं, आणि माझा आवाज फुटेना. मी नुसतं त्यांचं मनगट आवळलं.

"बाई, हात लावू नोका!" मामा ओरडले.

ती दारात थबकली. मी धावत जाऊन भिंतीतला प्लग ओढला. मागचं झाकण उघडलं, तर हिरव्या बुरशीत दोन केसांएवढी तार उरली होती. मामांनी बोटाने चाचपून बघितलं आणि म्हातारीपुढे हात जोडले. "माह्या दुकानाची चूक झाली, बाई." माझं नाव घेतलं नाही. नवी तार मीच जोडली, राळ लावून. चार वेळा ओढून बघितली. नवी टोपी बसवली. झाकण लावण्याआधी तार पुन्हा एकदा ओढली.

"भेव वाटून राहिलं का?" मामांनी विचारलं.

"हो."

"आता तुले डाख देता येईन."

पुढे त्यांची नजर पूर्ण गेली, दुकान माझ्याकडे आलं. शेवटच्या आजारात त्यांची खाट आम्ही दुकानामागच्या खोलीत टाकली होती. संच गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी आतून प्रश्न यायचा, वढून पायलं का? मी हो म्हणायची. मग दुसरा प्रश्न, भेव वाटलं? त्यालाही मी हो म्हटलं की ते कूस बदलत.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अजून तेच आहे.