मिश्री लावून विकलेलं घर

माझ्या धाकट्या जावेएवढी नशीबवान आणि आतल्या गाठीची बाई अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत शोधून सापडायची नाही. हे मी कौतुकाने लिहीत नाही. आमच्याकडे वाटणी झाली की थोरला नवं घर बांधून बाजूला होतो आणि जुनं घर धाकट्याला राहतं. त्यामुळे मला पत्र्याचं घर आलं, आणि त्याच अंगणात पलीकडे तिला सासऱ्यांचं कौलारू घर, मागची नारळाची झाडं आणि उन्हाळ्यातही न आटणारी गोड्या पाण्याची विहीर. मी थोरली, पण घागर घेऊन आयुष्यभर तिच्या दारावरून जायचं माझ्या नशिबी आलं. तिने कधी अडवलं नाही. अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तिचं सगळंच उफराटं. नवऱ्याचा जुना सदरा लुगड्यावर चढवून ती बाजारात जायची आणि लोक तिलाच आधी जागा द्यायचे. झाडाला विचारल्याशिवाय नारळ पाडायची नाही. मी माझ्या झाडांचे न विचारता पाडायचे, आणि तरी तिच्याच झाडांना जास्त लागायचे. कोळीण पाटी उतरवते न उतरवते तोच ही म्हणायची, "यातली शिळी कुठली ती आधी दाखव." कोळीण चिडायची, पोराबाळांच्या शपथा घ्यायची आणि शेवटी ताजे फडफडीत बांगडे तिच्या टोपात टाकायची. मी एकदा हेच वाक्य बोलले, तर कोळणीने पाटी उचलली आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या दारावरून तोंड फिरवून गेली.

पण तिचं खरं हत्यार मिश्रीचं. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दाताला लावली की बाईमाणसाला बोलता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणी अडचणीचं विचारलं की ही कनवटीची डबी काढायची, बोटावर मिश्री घ्यायची आणि दात घासत समोरच्याच्या तोंडाकडे शांत बघत राहायची. समोरच्याला ती शांतता सोसवत नाही. तो आपलाच बोलत सुटतो, आणि बोलता बोलता कबूल होतो. आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या तिला अशाच देऊन टाकल्या, असं माझं मत आहे.

दीर गेले. एकच मुलगी, ती माणगावात दिलेली. गेल्या पावसात घराचं आढं खचलं आणि ही मधल्या खोलीत पातेली मांडून त्यांच्यामध्ये झोपली. मुलीने बजावलं, "आये, पुढचा पाऊस या घरात काढायचा न्हाय." म्हणजे घर विकायचं, तेही पावसाआधी. ही घाई गावाला कळली तशी दलालालाही कळली. चहाच्या टपरीवर तो उघड म्हणायचा, "मिरग जवळ येऊ द्या. म्हातारी आपणहून पायाशी येईल."

या माणसाला मी ओळखून होते. आदल्या वर्षी मीही माझं घर विकून पनवेलला मुलाकडे जायचं ठरवलं होतं. भिंतींना रंग दिला, भेगेवर देवाचं कॅलेंडर लावलं. त्याने आल्याआल्या एका बोटाने कॅलेंडर उचललं आणि गुरांच्या गोठ्याचा भाव सांगितला. मी जावेची मिश्री मागून आणली आणि त्याच्यासमोर दाताला लावली. सवय नव्हती. मला अशी भोवळ आली की त्याने भाव वाढवायचा सोडून रिक्षा बोलावली. घर राहिलं ते राहिलंच.

तिच्याकडे तो पनवेलचं एक मोठं गिऱ्हाईक घेऊन आला. मी कुडाला टेकून बघत होते. दलालाने काठीने भिंत ठोकायला घेतली, तर हिने काठीच काढून घेतली. "तिथं काय ठोकतोस? ती भिंत धड हाय. हिकडं ये. ही बघ वाळवी. हे आढं खचलंय. ही खोली गळते, ती त्याहून गळते." गिऱ्हाईक खूश झालं आणि दलालाचा चेहरा उतरला, कारण भाव पाडायला त्याच्याकडे एकही खोड उरली नाही. मग त्याने सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात सांगितलं, "घराला काहीतरी हाय म्हणतात."

"म्हणतात कशाला? हायच," ही म्हणाली. "माझी सासू. उंबऱ्यात बसते. खोटं बोलणाऱ्याला आत घेत न्हाय. साहेब, तुम्ही या."

दलालाने उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. मी स्वतः पाहिलं.

मग त्याने बाहेरूनच विचारलं, "मावशी, अपेक्षा काय?" हिने डबी काढली. दलाल बोलत गेला, मध्येच गिऱ्हाईक बोललं, आणि हिचे दात घासून होईपर्यंत रक्कम अशा ठिकाणी पोचली की मी कुड सोडून अंगणात आले. चूळ भरून ही त्या गिऱ्हाइकाला विहिरीपाशी घेऊन गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. परत आली आणि म्हणाली, "न्हाय जमत."

मी तरातरा गेले. "डोकं फिरलं का तुझं? पाऊस तोंडावर आलाय, आणि एवढं देणाऱ्याला हाकललंस?"

"बाय, त्याला उंच भिंत घालायचीय. मला न्हाय आवडत उंच भिंत."

"तू कुठं राहणार हायस इथं?"

तिने डबी काढली. मी घरी आले आणि गावभर सांगितलं की बाई चळली. खरं सांगायचं तर मला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

पण नशीब बघा. मिरगाच्या तोंडावर म्हसळ्याकडचे एक चाचा स्वतःच चालत आले. आखातात नोकरी करून परतलेले, समुद्राजवळ घर हवं होतं, मध्ये दलाल नाही. हिने त्यांनाही वाळवीपासून सासूपर्यंत सगळं दाखवलं. "बुजुर्ग हायत, ऱ्हाऊ देत," चाचा म्हणाले. मग ओट्यावर बसून हिने मिश्री लावली. चाचा हसले. "माझी आई पन लावायची," म्हणाले, आणि तेही गप्प बसले. दोघं समोरासमोर बसलेले, कोणी बोलेना. माझा भात लागला, पण मी जागची हलले नाही. शेवटी चूळ भरायला हीच आधी उठली. उभ्या जन्मात पहिल्यांदा! मला वाटलं, आता फसली. पण चाचांनी रक्कम सांगितली ती पनवेलवाल्यापेक्षा कमी असली तरी रास्त होती. सगळे पैसे बँकेत आले असं मुलीने फोनवर सांगेपर्यंत हिने कागदाला पेन लावलं नाही.

पाटा-वरवंटा मांडीवर घेऊन ती टेम्पोत बसली. "येते बाय," म्हणाली. मी म्हटलं, "ये." रडायला कोणालाच वेळ नव्हता. आभाळ भरून आलं होतं.

आढं बदलून झालं आणि चाचांनी चिऱ्याची भिंत घालायला काढली. मी मनात म्हटलं, संपलं आता. सरकारी नळाला पाणी येतं ते देवाला आठवण झाली तर, आणि विहीर भिंतीपलीकडे. एक दिवस बघते तर माझ्या मागच्या दारासमोर गवंड्याने भिंतीत माणूसभर जागा सोडलेली, आणि तिथे छोटं लोखंडी फाटक बसवत होता. मी घागर घेऊनच चाचांना विचारायला गेले.

"हे तर आधीच ठरलं होतं, बाई," ते म्हणाले. "तुमची जाऊ म्हणाली, थोरलीचं पानी तुटता नये. ते कबूल असंल तरच घराचं बोलू. पनवेलवाला तिथंच तर अडला."

मी घागर तिथेच ठेवून घरी आले. मला तिचा इतका राग आला! सांगायचं तरी. गावभर मी तिला चळलेली म्हणत होते तेव्हा तरी सांगायचं. जाता जातासुद्धा तीच मोठी झाली आणि मी थोरली असून मागेच राहिले.

ती माणगावहून फोन करते. तिथे चोवीस तास नळ, पण पाण्याला औषधाचा वास येतो म्हणते. परवा तिने विचारलं, "बाय, विहिरीला पानी कसं हाय?"

"हाय की," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "काय गं, त्या पनवेलवाल्याला कशापायी घालवलंस?"

पलीकडून डबीचं झाकण वाजलं तेवढं ऐकू आलं.

बाहेर फाटक वाऱ्याने कुरकुरत होतं. फोन कानाला धरून मी तशीच बसून राहिले. या खेपेला मी आधी बोलणार नव्हते.