पायथनची कायमची आवृत्ती
भाजलेल्या ओव्याचा वास आला की मला नव्या रायपुरातलं ते ऑफिस आठवतं. खिडकीबाहेर भला रुंद रस्ता आणि त्यावर क्वचित एखादी गाडी. ऑफिसात सगळे हिंदी बोलायचे. मराठी बोलणारी एकच, पलीकडच्या हॉलमधली एक ताई. मी प्रोग्रॅम लिहायचो पायथन या संगणकाच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत, पण ते लिहायचं सॉफ्टवेअर, माझा एडिटर, रोज सकाळी जुनी आवृत्ती धरायचा आणि सगळं अडायचं. मग मी ताईला बोलवायचो. "काहून, आजही जुनंच चालून राहिलं का?" म्हणत ती यायची, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा बदलायची, माझ्या तळहातावर चिमूटभर भाजलेला ओवा ठेवायची आणि दोन गोष्टी बोलून जायची. तो आकडा बदलायला मी पहिल्याच दिवशी शिकलो होतो. एकदा मात्र ती माझ्या खुर्चीवर बसली, सेटिंगमध्ये शिरली आणि नवी आवृत्ती कायमची लावून उठली. "घे, आता तुले कोणाले बोलवाचं काम नाही." त्यानंतर प्रोग्रॅम रोज पहिल्या झटक्यात चालायचा आणि मी रस्त्याकडे बघत बसायचो. आता घरचा लॅपटॉप विचारतो, हीच आवृत्ती कायम ठेवू का. मी दरवेळी 'नाही'वर बोट ठेवतो.