काकांच्या मागची जागा

"चहा तिच्याच हाती पाठव," बाबा स्वयंपाकघरात आईला सांगत होते. "सुभेदारांची पानं चांगली असली की ती श्वास रोखून धरते. मला समोरून बरोबर दिसतं."

मी मागच्या दारात बशा पुसत होते. पोरीला तरी यात ओढू नका, असं आई हळू आवाजात म्हणाली. बाबा हसले. "तिला कुठे कळतंय?"

खरंच कळलं नव्हतं. तेव्हा मी अकरावीत होते, नव्वदीच्या मधल्या वर्षांत. शाळेत इंग्रजी, घरी मराठी, आणि बोलायचं दोन्हीकडे कमीच. नातेवाईक मला घुमी म्हणत. माझ्या चेहऱ्यावरून कुणाला काही समजत नाही, याचा मला छुपा अभिमानही होता.

दिवाळीच्या पाडव्याला द्यूत खेळायचं असतं, या नावाखाली आमच्या नाशिकरोडच्या घरात दरवर्षी दुपारी तीन पत्तीचा डाव बसे. बाबा, समोरच्या घरातले बँकवाले आणि शेजारचे सुभेदारकाका. काकांची सगळी नोकरी फौजेच्या तोफखान्यात झाली होती आणि शेवटची वर्षं देवळाली कॅम्पात. हा खेळ मला त्यांनीच शिकवला, चिंचोके लावून. तीन सारखी पानं म्हणजे ट्रेल, ती सगळ्यात वरची. मग एकाच रंगाची ओळ, मग साधी ओळ, मग रंग, मग जोडी. पानं न बघता खेळणारा ब्लाइंड. बघून खेळणाऱ्याने त्याच्या दुप्पट लावायचं. आणि दोघंच उरले असतील, तर बघणाऱ्याला ब्लाइंडकडे शो, म्हणजे पानं उघडी करायला, मागता येत नाही. एक तर लावत राहायचं, नाहीतर पानं टाकायची.

"हा आपला खेळच नाही, बेटा," काका सांगत. "गोऱ्या सोल्जरांचा. आमच्या जुन्या लोकांनी त्यांच्याकडून उचलला."

मला ते खरं वाटलं नव्हतं. मग शाळेच्या लायब्ररीत पत्त्यांच्या खेळांवरचं एक जाड पुस्तक सापडलं. त्यात इंग्लंडमधला ब्रॅग नावाचा जुना जुगार होता. तीनच पानं, तेच ब्लाइंड, शो न मागण्याचा तोच नियम. फरक एवढाच की तिथे तीन एक्क्यांच्याही वर तीन तिर्र्या. त्याच्याही आधी स्पेन-इटलीकडे कुठला तरी खेळ होता, त्यातून हा निघाला म्हणे. ब्रॅग म्हणजे बढाई मारणं. हातात काही नसताना असल्यासारखा चेहरा करायचा, हाच सगळा खेळ. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी काकूंना बाहेर बोलावून मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

त्यानंतर पाडव्याला ते मला हाक मारून स्वतःच्या मागे बसवू लागले. "ये गं लक्ष्मी. तुझा पायगुण लागू दे." गेली दोन वर्षं ते सारखे हरत होते, तरी म्हणायचे, लक्ष्मी सावकाश येते.

मी चहा घेऊन बाहेर आले. काकांनी सतरंजीवर हात थोपटला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बसले, आणि श्वास नेहमीसारखा घ्यायचा प्रयत्न करू लागले. तो नेहमी कसा घेते तेच आठवेना. काकांनी एका डावात पानं उचलली तेव्हा मी फरशीकडे बघत राहिले. पुढच्या डावात नजर गेलीच. काकांकडे राजांची जोडी होती. बाबांनी लगेच पानं टाकली.

मग तो मोठा डाव आला. बँकवाल्यांनी लवकर पानं टाकली. बाबा बघून खेळत होते, काका ब्लाइंड. काकांसमोरचे पैसे संपले.

"आता स्कूटर लावा, सुभेदार," बँकवाले म्हणाले. "नाहीतरी तुमच्यापेक्षा तीच जास्त दमलीय."

ते हसले. बाबा हसले नाहीत. "लावता?" त्यांनी विचारलं. "की फौजी फक्त गोष्टी सांगतात?"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी खिशातून किल्ली काढून सतरंजीवर ठेवली. मला अंगणातली ती निळी स्कूटर दिसत होती, दसऱ्याचा झेंडू अजून हँडलला सुकलेला. दर आठवड्याला काका तिच्यावरून काकूंना कॅम्पातल्या दवाखान्यात नेत. काकूंना बसमध्ये चढवत नव्हतं. हे बाबांनाही माहीत होतं.

आता पाळी बाबांची. त्यांनी लग्नातली अंगठी बोटातून अर्धी वर सरकवली आणि थांबले. शो मागता येत नव्हता. काकांची पानं त्यांच्या गुडघ्यापुढे पालथी पडली होती, आणि ती तशी होती तोवर माझा चेहराही बाबांच्या उपयोगाचा नव्हता.

"एकदा पानं बघून तरी घ्या, सुभेदार," बाबा फार मऊ आवाजात म्हणाले. "न बघता एवढी मोठी वस्तू लावू नये. काकूंचा विचार करा."

काकांना ते पटलं. त्यांनी मान हलवली. "म्हणता ते खरंय." मग मागे वळून माझ्याकडे बघितलं. "चल बेटा, दोघं मिळून बघू."

त्यांनी पानांखाली बोटं घातली. स्वयंपाकघराच्या दारात आई पदराला हात पुसत थांबली होती. बाबांनी मान वर केली आणि त्या दुपारी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, धमकी नव्हती. त्यांची खात्री होती, एवढंच.

मी म्हणाले, "काका, पानं उचलू नका. बाबा माझ्या तोंडाकडे बघतात."