तळाचा दगड

आमच्या टेकडीवरच्या बागेत झाडं कमी आणि खडकच जास्त. त्यामुळे तिथे टिटव्यांचं राज्य. टिटवी घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. उघड्या खडकावर, खड्यांमध्येच अंडी घालते. अंडीही खड्यांच्याच रंगाची.

स्वतःचं घर व्हावं म्हणून लोक इथे दगडावर दगड रचून जातात. परवा सकाळी मी फिरायला गेलो, तेव्हा एक नवरा-बायको असेच रचायला बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर टिटवी जीव तोडून ओरडत होती.

“मेली अपशकुनी! नेमकी आत्ताच ओरडायची होती हिला,” बाई म्हणाली.

“लक्ष नको देऊस. तळाचा दगड हलतोय, तो नीट बसव,” नवरा म्हणाला.

तिने तो चपटा दगड उचलला. खाली चार अंडी फुटली होती आणि बलक खडकावर ओघळला होता. टिटवी ओरडतच राहिली.

घर हवं असलं की माणसाला सगळीकडे रिकामी जागाच दिसते.

मी घरी आलो. हे घर व्हावं म्हणून मीही त्याच खडकावर दगड रचले होते. तेव्हाही एक टिटवी अशीच ओरडत होती. मी तिला खडा मारून हाकललं होतं. तळाचा दगड काही उचलून पाहिला नव्हता.