थुंकायला जागा नसलेलं गाव

जपानमध्ये मी तात्यांना हरवून बसलो होतो. म्हणूनच मागच्या महिन्यात लासुर्ण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला, "तात्या गेले," तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" मग त्या बिचाऱ्यानं नीट सांगितलं. सकाळी ओट्यावर बसून तात्यांनी रोजच्यासारखी मिश्री लावली, चूळ भरली आणि भिंतीला टेकले, ते टेकलेच. दवाखाना नाही, नळ्या नाहीत. रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं, हे खरं सांगतो.

तात्या तेव्हा आमच्या बारामतीच्या वर्कशॉपात फोरमन, मी नवा इंजिनिअर. एक जुनं मशीन विकत घ्यायचं होतं, ते बघायला मालकांनी आम्हा दोघांना थेट जपानला धाडलं. निघताना स्टँडवर मी छाती फुगवून तात्यांच्या बायकोला, काकूंना, शब्द दिला, "काळजी करू नका, तात्यांना जसेच्या तसे आणून देतो." काकूंनी नुसतं तात्यांकडं बघितलं.

मशीन होतं समुद्रकाठच्या एका बारक्या गावात. दोन डब्यांची गाडी शेवटी जिथं थांबते, तिथं. बघण्यासारखं काही नाही, त्यामुळं बघायला कोणी येत नाही. काळ्या कौलांची बुटकी घरं, दारोदारी मांडवावर वाळत घातलेली मासळी आणि टेकडीमागं ती मशीनची शेड. उतरल्या उतरल्या तात्यांनी नाक वर केलं. "सायेब, एवढा खर्च करून आपल्या पळसदेवच्या मासळीबाजारातच आणलं व्हय मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर तात्यांचं अंथरूण रिकामं. टोपीही नाही. जपानी सोडा, तात्यांना इंग्रजीचंही अक्षर येत नव्हतं, आणि आम्ही उतरलो होतो त्या लॉजचा पत्तासुद्धा त्यांच्या खिशात नव्हता. मी उठलो, लॉजवाल्यांनी दिलेला सुती झगा पंचा गुंडाळावा तसा अंगाभोवती गुंडाळला, उजवा पदर वर घेतला आणि लाकडी खडावा खटखटवत सुटलो. दिसेल त्याला हातवारे करून विचारू लागलो. एवढे उंच, अशी मिशी, अशी टोपी. लोक माझ्याकडं बघायचे आणि दोन पावलं मागं सरायचे. एका म्हाताऱ्यानं हात जोडले. एका बाईनं दार लावून घेतलं. मला वाटलं, ह्यांना काहीतरी कळलंय, पण मला सांगायला धजत नाहीयेत... तात्या समुद्रात गेले. पुढचे दोन बोळ मी पळालो ते मनानं लासुर्ण्यात काकूंच्या दारात उभा राहून. काकू तशाच नुसत्या बघत होत्या.

बोळ संपला, धक्का आला, आणि धक्क्याच्या टोकाला उकिडवी बसलेली पांढरी टोपी दिसली. तात्यांनी त्याच क्षणी समुद्रात अशी झकास पिचकारी मारली, की त्याहून गोड आवाज मी आजतागायत ऐकलेला नाही.

"तात्या! सांगून तरी जायचं!"

"तोंडात मिश्री. सांगू कसं? थुकाय भाईर आलो, तर ह्या गावात थुकाय जागाच न्हाय. समदं फडक्यानं पुसल्यावानी. ज्यो भेटंल त्यो वाकतोय. मग मी बी वाकतोय, तोंड मिटून. वाकत वाकत हितवर आलो."

शेजारी जाळी निवडत बसलेल्या बायका मात्र हातातलं काम सोडून माझ्याकडं बघत राहिल्या होत्या. त्यातली एक थोराड बाई उठली, माझ्यापाशी आली आणि सरळ झग्याला हात घातला. मी ओरडलो. तिनं उजवा पदर खाली सारला, डावा वर घेतला, पट्टा करकचून बांधला. मग उजव्या पदराकडं बोट केलं, डोळे मिटले, छातीवर हात जोडले आणि मान कलती टाकली. मला काही कळेना. तात्यांना आधी उमगलं, आणि ते धक्क्यावर फतकल मारून हसायला लागले.

"सायेब, हितं मड्याला नेसवत्यात तसं नेसलाय तुमी! आवो, गाव म्हणत आसंल, मडं पळत सुटलंय, आन त्याला एक टोपीवालं म्हातारं संगं न्यायचंय!"

बायकाही हसल्या. त्याच बाईनं आम्हाला चहा पाजला आणि निघताना चहाचा एक पत्र्याचा डबा तात्यांच्या हातात ठेवला. वर्कशॉपात तात्यांनी हा किस्सा इतक्यांदा सांगितला, की दर वेळी मी थोडा जास्तच मेलेला असायचो.

तेराव्यानंतर लासुर्ण्याला गेलो. ओट्यावरच्या कोनाड्यात तोच डबा होता, हिरवा, कडेनं गंजलेला. आत अर्धी मिश्री. झाकण उघडलं आणि तो जळका, तिखट वास आला... डोळ्यांत पाणी आलं ते मिश्रीनं, असं मी काकूंना सांगितलं. मग जरा बरं वाटावं म्हणून म्हणालो, "काकू, त्या वेळी मात्र दिलेला शब्द पाळला बघा. जसेच्या तसे आणले होते तात्यांना."

काकूंनी डबा माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि कोनाड्यात परत ठेवला.

"तू कशाला आणतुयास? निघायच्या आदल्या दिशी मीच त्यास्नी सांगितलं हुतं, पोरगं शिकल्यालं हाय पर येडं हाय, हाताला धरून माघारी आणा."