दोन पंचांगांतली भाऊबीज

माझं माहेर इंझोरीचं, सासर अनसिंगजवळच्या खेड्यात. माहेरच्या जोशानं नवं पंचांग धरलं होतं, सासरच्यानं जुनं. एरवी सणवार बहुतेक एकाच दिवशी पडत. पण चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षाहून दहा-अकरा दिवस तोकडं, म्हणून तीनेक वर्षांनी एक महिना जादा घालावा लागतो. तो कुठे घालायचा, यावरून त्या वर्षी दोन पंचांगांचं बिनसलं. सासरी आश्विनाआधी धोंड्याचा महिना आला, माहेरी तो पुढच्या चैत्रात होता.

धोंड्यात जावयाला बोलावून अनारसे खाऊ घालायचे असतात. सासऱ्यांनी महिनाभर निरोपाची वाट पाहिली आणि महिनाभर मला टोचलं, "तुह्या बापाले जावई जड झाला काय?"

मग आमच्याकडे घट बसले. दुसऱ्याच दिवशी माझा धाकटा भाऊ दारात! दीड दिवस बंडी हाकून आला होता. हातात फराळाचा डबा, काखेत लुगडं.

सासरे ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. "कायले आले?"

"आज भाऊबीज हाय ना, मामाजी."

"घरात घट हायेत, अन् तुमची भाऊबीज? धोंडा बुडवला, आता महिनाभर आधी दिवाळी घेऊन आले!"

"आमच्या पंचांगात आजच हाय."

"मंग ते पंचांगच ओवाळून घ्या. माह्या घरात नाही चालत."

मी दाराआड होते. भावानं माझ्याकडं पाहिलं. "बाई, तू तरी सांग." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानं डबा ओट्यावर ठेवला, लुगडं परत बंडीत टाकलं आणि बैल वळवले. पाणीही प्यायला नाही.

महिन्यानं सासरची दिवाळी आली. भाऊ येणार नव्हताच. भाऊबिजेला सासरे म्हणाले, "चंद्राले ओवाळ."

"ज्यांले भाऊ नाही त्या ओवाळतात चंद्राले," मी म्हणाले. "माहा जिता हाय." त्या घरात मी वर तोंड करून बोलले ती पहिली वेळ. सासऱ्यांनी त्यानंतर दोन वर्षं मला माहेरी धाडलं नाही.

माहेरचा धोंडा झाल्यापासून दोन्हीकडची दिवाळी पुन्हा एकाच दिवशी येत होती. तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं बापाला न विचारता बंडी जुंपली. इंझोरीला भाऊ गोठ्यात होता. वर न बघताच म्हणाला, "आता कोन्या पंचांगानं आली?"

"तुले हाकललं तवा मी काय करू शकत होती?"

"एक शब्द बोलू शकत होती."

वहिनीनं पाट मांडला. तो बसला, मी ओवाळलं, त्यानं ताटात खण टाकला आणि हात धुवायला उठला. मला त्या जोश्यांचा राग आला, सासऱ्यांचा आला, आणि त्याचाही आला. मी खण तिथंच ठेवून जेवायला बसले.