मटाम

टाळेबंदीच्या वर्षी इंदूरच्या मल्हारगंजातली आमची छोटी खाजगी शाळा बंद पडली. सोळा वर्षं मी तिथे चौथीला शिकवत होते. संचालकांनी फोनवर सांगितलं, "मॅडम, अभी देखते हैं." ते अजून बघताहेत. मी रडले नाही, चिडलेही नाही. घर आवरलं, कुलूप लावलं आणि मानपुरला थोरल्या भावाकडे गेले. त्याचंही महामार्गावरच्या ढाब्यातलं काम सुटलं होतं. आम्ही दोघं भावंडं दिवसभर ओट्यावर बसून रिकामा रस्ता बघायचो.

वहिनी मात्र दरवर्षी उन्हाळ्यात सरकारी रोजगाराच्या कामावर जायची. त्या वर्षी पंचायतीने तलाव खोदायला काढला होता. तिने माझंही जॉब कार्ड करवून घेतलं. शहरातले लोक येऊन गावचं काम खातात, अशी कुरकुर होतीच. नाव घालताना सचिवाने बजावलं, "गड़बड़ हुई तो नाम काट दूँगा." दोघादोघांनी एकेक चौकोन खणायचा असे. माझ्या जोडीला यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून वहिनीच आली.

तिचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. पुढच्या आठवड्यापासून तिला मेट करायचं चाललं होतं. मेटने हजेरी घ्यायची, माप दाखवायचं. कुदळ धरायची नाही. नऊ वर्षं माती उपसल्यावर आता कुठे हे समोर दिसत होतं. संध्याकाळी ती माझ्यापुढे बसून मजुरांची नावं लिहायचा सराव करायची. अक्षर गिचमिड, पण चिकाटी माझ्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा जास्त.

"ताई, इंजिनियर साहेब आले की आपला खड्डा एकदम बढिया दिसला पाहिजे," ती म्हणायची. "त्यांच्यावरच आहे सगळं."

हात चालायचे, डोकं बंद असायचं. मला तेच बरं वाटत होतं.

मापाच्या दिवशी वहिनी पाणी आणायला गेली. मी खड्ड्याकडे पाहिलं. चारी बाजू सरळ, तळ सपाट, आणि मधोमध मातीचा एक ओबडधोबड खांब. फळ्यावरची अर्धवट ओळ पुसल्याशिवाय मला कधी वर्गाबाहेर पडवलं नाही. मी तो खांब कुदळीने पाडला, माती टोपलीतून काठावर टाकली आणि तळ हाताने साफ केला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट केल्यासारखं वाटलं.

वहिनी आली आणि घडा हातात धरून तशीच उभी राहिली. तो मटाम होता. जमीन आधी किती उंच होती हे दाखवायला तेवढा तुकडा न खणता ठेवतात आणि त्यावरून खोली मोजतात. हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. मला सांगावं लागेल, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

इंजिनियर टेप घेऊन आले. "मटाम किधर है? अब गहराई काहे से नापूँ?" सचिव माझ्याकडे बघू लागला.

"मैंने काट दिया, साब," वहिनी म्हणाली. "गलती हो गई."

"नौ साल से काम कर रही हो, और मेट बनना है तुमको?" सगळ्या बायकांसमोर त्यांनी विचारलं. मेटच्या कागदावर त्यांनी तिथेच दुसऱ्या बाईचं नाव लिहिलं.

मी दोन हातांवर होते. वर्गात काच फुटली की मी पोरांना म्हणायचे, ज्याने फोडली त्याने उभं राहावं. उभी तर मी होतेच, फक्त बोलले नाही. भीती वाटली असती तरी समजलं असतं, पण मला काहीच वाटत नव्हतं. लाज आली ती पुष्कळ महिन्यांनी, इंदूरला परतल्यावर, भाजी निवडताना.

त्या संध्याकाळी वहिनीने सरावाला वही काढली नाही. भाकरी थापल्या आणि पहिलं ताट नेहमीसारखं माझ्यापुढे ठेवलं. "जेवा ताई, दमला असाल," म्हणाली.

मी जेवले. पोटभर जेवले.